पाटी लावलीत, आता कायदा करा

शिकागो
दिवाळी पाडवा, 22 ऑक्टोबर 2025

प्रति,
महापौर ब्रँडन जॉन्सन
आणि शिकागो सिटी कौन्सिलचे सर्व 50 सदस्य



हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. त्याची इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीत वेगळी देईन. पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावे अशी इच्छा आहे, कारण या शहरातले आणि उपनगरांतले बरेच मराठी लोक गेले दीड महिना इमिग्रेशनच्या धरपकडीबद्दल हलक्या आवाजात एकच वाक्य बोलत आहेत : हा आपला विषय नाही. मला तो आपला विषय वाटतो. म्हणून तुमच्याशी बोलते आहे ते त्यांच्या देखत.

दर शनिवारी सकाळी शहराच्या उत्तर भागातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेते. पगार नाही, हौस आहे. शिकायला येणारे सगळे ग्रीन कार्डवाले, म्हणजे सगळ्यांचे कागद पक्के. तरी ऑगस्टमध्ये चौदा जण येत होते, आता पाच येतात. एक बाई येतात, त्यांचा नवरा वर्ग संपेपर्यंत गाडीत बसून राहतो. दुसरे एक गृहस्थ सगळे मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून, शर्टाच्या आत ठेवून येतात. मी त्यांना म्हटले, मूळ प्रती घरी ठेवा, हरवतील. ते म्हणाले, कागद हरवला तर पुन्हा मिळेल.

या परीक्षेत एक प्रश्न आहे. संविधानाप्रमाणे काही अधिकार राज्यांकडे आहेत, त्यांतला एक सांगा. सरकारने स्वतः छापलेल्या पुस्तिकेत त्याची उत्तरे दिली आहेत : शिक्षण, पोलीस संरक्षण, अग्निशमन, वाहन परवाना, आणि शेवटचे उत्तर, जमिनीचा वापर ठरवणे. परवाच्या 20 तारखेपासून परीक्षा अवघड झाली. पूर्वी 100 प्रश्नांतले 10 विचारत, 6 आले की पास. आता अर्ज करणाऱ्यांना 128 प्रश्नांची तयारी करावी लागेल, 20 विचारतील, 12 यायला हवेत. जमिनीच्या वापराचे ते उत्तर मात्र कायम आहे. या देशाचा नागरिक व्हायचे असेल तर जमीन कशासाठी वापरायची हे इथले लोक ठरवतात, हे पाठ करावे लागते. फेडरल सरकारच ते पाठ करून घेते.

महापौर, तुम्ही स्वतः शाळेत शिकवत होतात. मुलांसमोर एक शिकवायचे आणि वर्गाबाहेर दुसरेच घडताना पाहायचे, याचा त्रास तुम्हाला वेगळा सांगायला नको.

6 ऑक्टोबरला तुम्ही जो आदेश काढलात तो मी नीट वाचला. शहराच्या मालकीचे किंवा ताब्यातले पार्किंग लॉट, मोकळे प्लॉट, गॅरेजेस यांचा वापर दिवाणी स्वरूपाच्या इमिग्रेशन कारवाईसाठी होऊ द्यायचा नाही. एजंटांनी तिथे जमायचे नाही, धरून आणलेल्यांची नोंदणी तिथे करायची नाही, तिथून मोहीम चालवायची नाही. खात्यांनी आपापल्या जागा तपासायच्या, पाट्या लावायच्या, जमेल तिथे फाटकाला कुलूप घालायचे. खासगी मालकांना हवी तर तशी पाटी आपल्या जागेवर लावता येईल. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट असेल, किंवा फौजदारी गुन्ह्याचा तपास असेल, तर आदेश आडवा येत नाही.

माझ्या लोकांसाठी इथे थोडे थांबते, कारण दिवाणी आणि फौजदारी हा फरक आपल्याकडच्या कोर्टकचेरीमुळे आपल्याला चांगला कळतो, आणि तरी या बाबतीत आपण तो विसरतो. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे ही या देशात मुळात दिवाणी बाब आहे. त्या माणसाला परत पाठवण्याचा अधिकार फेडरल सरकारला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला पकडायला आलेल्या एजंटाच्या हातातल्या कागदाला वॉरंट म्हणत असले तरी त्यावर बहुतेक वेळा न्यायाधीशाची सही नसते. त्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची असते. आदेशाने बोट ठेवले आहे ते नेमके इथे. न्यायालयाचा हुकूम असेल तर वाट मोकळी आहे. खात्याने खात्याला लिहून दिलेली चिठ्ठी असेल, तर आमच्या अंगणात तळ टाकू नका.

तळ हा शब्द मी मुद्दाम वापरते. मी मूळची वर्ध्याची. आमच्या आजोळच्या गावाला गायरान होते. गुरे चरायची, खळ्याच्या दिवसांत कोणी कडबा रचून ठेवायचा, लग्नात वऱ्हाडाच्या बैलगाड्या सोडायचे. ते कोणा एकाच्या नावावर नव्हते, म्हणून त्याला विचारणारा कोणी नव्हता असे मात्र नाही. बाहेरच्या कोणाला तिथे राहुट्या ठोकायच्या असतील तर चावडीवर येऊन विचारावे लागे. जुनी माणसे फौजेचा तळ पडल्याच्या गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टींत लुटीचे वर्णन कमी असायचे. जास्त असायचे ते हे, की तळ पडला की गावातले लोक आपल्याच विहिरीवर जायला बिचकत. शिकागोत सप्टेंबरच्या 8 तारखेला 'ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ' ही फेडरल इमिग्रेशन मोहीम जाहीर झाली, आणि नंतरच्या आठवड्यांत शहराच्याच जागांवर तोंडे झाकलेली माणसे आणि पाट्या नसलेल्या गाड्या जमू लागल्या. ज्या लॉटमध्ये आपण बर्फ पडला की गाडी हलवून ठेवतो, जिथे थांबून मुलाला शाळेतून घेतो, त्या ठिकाणी. त्या लॉटचे डांबर आपल्या मालमत्ता कराचे, दिवे आपल्या कराचे. तिथून जी मोहीम निघते ती आपल्या नावावर निघते, आपण हो म्हटलेले नसताना.

एजंटांना रस्त्यावर येण्यापासून शहर अडवू शकत नाही, आणि तुम्ही तसा दावाही केलेला नाही. ही मर्यादा मी आधी मान्य करते, कारण काही लोक या आदेशाकडून त्याच्या आवाक्याबाहेरची अपेक्षा करत आहेत आणि मग पाटीने काय होणार म्हणून निराश होत आहेत. 30 सप्टेंबरच्या पहाटे साउथ शोअरमधल्या एका इमारतीवर हेलिकॉप्टर आणून छापा घातला गेला. अमेरिकन नागरिकांचेही हात बांधून त्यांना ताटकळत ठेवल्याचे तिथल्या रहिवाशांनी सांगितले. असा छापा पार्किंग लॉटवरच्या पाटीने थांबला नसता. पण आम्ही अडवू शकत नाही, यातून आम्ही मदत केलीच पाहिजे असे निघत नाही. या दोहोंमध्ये जी जागा आहे तेवढीच शहराच्या हातात आहे, आणि ती लहान असली तरी पूर्णपणे शहराची आहे.

तेवढ्या जागेवर ठाम उभे राहिले तर काय होते, ते शेजारच्या ब्रॉडव्ह्यूने दाखवले. जेमतेम 8,000 वस्तीचे गाव. तिथे आइस या फेडरल इमिग्रेशन खात्याचे केंद्र आहे, धरलेल्यांना आधी तिथे नेतात. निदर्शने वाढली तसे फेडरल खात्याने गावच्या बीच स्ट्रीटवर आडवे कुंपण घातले. रस्ता गावाचा, आणि आगीचे बंब जायची वाट अडली. महापौर कॅटरिना थॉम्पसन यांचे गाव कोर्टात गेले. 9 ऑक्टोबरला फेडरल न्यायाधीश लाशॉन्डा हंट यांनी कुंपण काढायचा हुकूम दिला आणि 14 तारखेला ते निघाले. गावाने इमिग्रेशन धोरणावर वाद घातला नाही. हा रस्ता आमचा आहे आणि आमचा बंब इथून जातो, एवढेच सांगितले. मला वाटते, गेल्या दीड महिन्यात या भागात जे काही बोलले गेले त्यात हे सर्वांत साधे आणि सर्वांत भक्कम बोलणे होते.

आता माझ्या लोकांच्या मनातला प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण तो मी माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकला आहे. आम्ही रांगेत उभे राहून आलो. वर्षानुवर्षे ग्रीन कार्डाची वाट पाहिली. आईच्या शेवटच्या आजारपणात गेलो नाही, कारण परतीच्या शिक्क्याची खात्री नव्हती. मग ज्यांनी रांग मोडली त्यांच्यासाठी आम्ही का बोलावे?

या दुःखाला मी कमी लेखत नाही. मीही त्या रांगेत होते. पण रांगेत उभे राहिलेल्याला रांग सांभाळते हा आपला समज गेल्या महिन्यातच हादरला. 19 सप्टेंबरला एच-1बी व्हिसासाठी 1,00,000 डॉलरची घोषणा झाली, आणि त्या शनिवार-रविवारी भारतात सुट्टीवर गेलेले आपलेच इंजिनियर मिळेल त्या विमानाने परत यायला धावले. जुन्या व्हिसाधारकांना ती रक्कम लागू नाही हे नंतर स्पष्ट झाले. पण त्या दोन रात्री मराठी घरांत जी भीती होती, तीच भीती लिटल व्हिलेज या शिकागोतल्या मेक्सिकन वस्तीत गेले दीड महिना रोज आहे. आणि 5 फेब्रुवारीला इथून परत पाठवलेल्यांना घेऊन अमृतसरला उतरलेले ते लष्करी विमान आठवा. 104 भारतीय, हातापायांत बेड्या. त्यांत 3 जण महाराष्ट्रातले होते. ती गावे आपण नकाशावर शोधू शकतो.

लिटल व्हिलेजचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. ती आमच्या वर्ध्याची आहे. पांडुरंग खानखोजे हे वर्ध्याचे. क्रांतिकारक, गदरच्या चळवळीतले. ब्रिटिशांच्या यादीत नाव, मायदेशाचे दार बंद. अमेरिकेत पूर्वी राहिलेले, शेतीशास्त्र शिकलेले हे गृहस्थ 1924 मध्ये पोचले मेक्सिकोला. त्या देशाने त्यांना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला घेतले. त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले आहे : जेवणाच्या मेजाच्या मध्यभागी बसून भाकरी वाटणारा माणूस. तो माणूस वर्ध्याचा. स्वतंत्र भारतात ते 1950 च्या दशकात परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. आपल्या माणसाला आपल्या देशाचे दार बंद असताना ज्या देशाने शेत आणि वर्ग दिला, त्या देशातून आलेल्यांची वस्ती आज पिल्सनमध्ये आणि लिटल व्हिलेजच्या 26 व्या रस्त्यावर आहे. तिथल्या कमानीवर स्पॅनिशमध्ये सुस्वागतम् लिहिले आहे. त्या कमानीखालून जाताना मला दर वेळी भिंतीवरची ती भाकरी आठवते.

महापौर, सदस्यहो, आता मूळ मागणीकडे येते. आदेश पुरेसा नाही. त्याचा कायदा करा.

आदेश महापौरांच्या सहीवर उभा असतो. फेब्रुवारी 2027 मध्ये या शहरात निवडणूक आहे. नव्या महापौरांनी एका सकाळी दुसरी सही केली की पाट्या निघतील. या शहराला हा अनुभव आहे. 1985 मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी आदेश काढला की शहराच्या नोकरांनी कोणाच्या इमिग्रेशनच्या कागदांची चौकशी करत बसू नये. तो आदेश नुसता आदेश म्हणून 21 वर्षे चालला. पुढच्यांनी ठेवला म्हणून राहिला. 2006 मध्ये सिटी कौन्सिलने त्याचा कायदा केला, 2012 मध्ये तो 'वेलकमिंग सिटी' कायदा झाला, 2021 मध्ये त्यातल्या पळवाटा बुजवल्या. या वर्षी फेब्रुवारीत फेडरल सरकारने त्या कायद्यावर आणि राज्याच्या 'ट्रस्ट ॲक्ट'वर दावा ठोकला, आणि जुलैमध्ये न्यायाधीश लिंडसे जेन्किन्स यांनी तो दावा फेटाळला. राज्याचा तो कायदा 2017 मध्ये रिपब्लिकन राज्यपाल ब्रूस राउनर यांच्या सहीने झाला होता, हेही या गदारोळात लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोर्टात टिकले ते लेखी, चर्चा करून, मते मोजून केलेले.

याच्याही मागे जाते. 1850 मध्ये पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाला परत देण्याचा कायदा देशाने केला आणि सामान्य नागरिकांनीही त्यात मदत करावी असे फर्मावले. त्या ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या कौन्सिलने ठराव केला की आमचे पोलीस या कामात हात लावणार नाहीत. मग सिनेटर स्टीफन डग्लस गावात आले, भर सभेत तासन् तास बोलले, आणि कौन्सिलने तो ठराव मागे घेतला. आजची कारवाई आणि गुलामी एक आहेत असे मी म्हणत नाही. ती तुलना त्या काळच्या माणसांवर अन्याय करील. मला दिसतो तो ठरावाचा कणा. एका भाषणाने तो मोडला. त्याच्या सात वर्षे आधी, 1843 मध्ये, मॅसॅच्युसेट्सने वेगळी वाट धरली होती. तिथल्या विधिमंडळाने कायदाच केला की पळून आलेल्या गुलामाला डांबून ठेवायला राज्याचे तुरुंग आणि इमारती मिळणार नाहीत. सरकारी जागा देणार नाही, हे वाक्य म्हणजे तुमचा नवा शोध नाही. ते या देशात 182 वर्षांचे आहे.

कायद्याचा आधारही जुना आहे. 1997 च्या प्रिंट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फेडरल सरकार स्थानिक अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. तो खटला बंदुकांच्या कायद्याबद्दल होता आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती ॲन्टोनिन स्कॅलियांनी, जे एकेकाळी याच शहरातल्या विद्यापीठात कायदा शिकवत. त्यांना उदारमतवादी कोणीही म्हणणार नाही. जो नियम बंदूकवाल्या परगण्यांच्या शेरीफला वाचवतो तोच शिकागोच्या पार्किंग लॉटला वाचवू शकतो.

पण इथेच माझी खरी काळजी आहे, आणि ती तुमच्या वकिलांपर्यंत पोचावी म्हणून हे पत्र. सिएटलच्या किंग काउंटीने 2019 मध्ये असाच आदेश काढला होता. त्यांच्या मालकीच्या बोइंग फील्ड विमानतळावरून आइसची परत पाठवणीची विमाने सुटत. काउंटीने ठरवले की यापुढे त्या विमानांना इंधन आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांना जागा द्यायची नाही. विमाने याकिमाला गेली. फेडरल सरकार कोर्टात गेले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने काउंटीविरुद्ध निकाल दिला. एक कारण दुसऱ्या महायुद्धानंतर तो विमानतळ काउंटीला परत देताना झालेल्या कराराचे होते, ते आपल्याला लागू नाही. दुसरे कारण लागू पडू शकते : आदेशाने फेडरल सरकारला आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांना वेगळे काढून वागवले. शिकागो सातव्या सर्किटमध्ये येते, त्यामुळे तो निकाल इथे बंधनकारक नाही. पण तुमच्याविरुद्ध उभा राहणारा वकील तोच निकाल हातात घेऊन येईल.

म्हणून कायदा लिहाल तो जागेचा लिहा. आइसचे नाव घेऊन दार लावू नका, दाराला सर्वांसाठी एकच कडी घाला. शहराचा लॉट, प्लॉट किंवा गॅरेज शहराच्या कामाव्यतिरिक्त कशासाठीही वापरायचे असेल तर लेखी परवानगी लागेल, मग मागणारा सिनेमावाला असो, कंत्राटदार असो की कुठलीही सरकारी यंत्रणा. आग, पूर, अपघात आणि न्यायाधीशाचा हुकूम एवढे अपवाद. परवानगी कोणी मागितली, कोणाला दिली, कोणाला नाकारली, याची वही उघड असावी. विनापरवाना वापर झाला तर तो कोणी, कुठे, किती वेळ केला याची नोंद 311 वर फोन करून करता यावी आणि दर महिन्याला ती छापली जावी. आज एखाद्या लॉटमध्ये सहा गाड्या येऊन उभ्या राहिल्या तर शेजारच्या बाईने फोनवर काढलेली चित्रफीत एवढाच पुरावा उरतो. तिच्याकडून हे काम काढून घ्या. ती घाबरलेली आहे, आणि ते काम तिचे नाही.

दुसरे असे, की शहराची म्हणून लोक ज्या जागा ओळखतात त्या सगळ्या शहराच्या नाहीत. बागा पार्क डिस्ट्रिक्टच्या, शाळांची पटांगणे शिक्षण मंडळाची, बस-गाड्यांची स्थानके सीटीएची. या वेगवेगळ्या संस्था आहेत. पिल्सनमध्ये हॅरिसन पार्कच्या कडेला मेक्सिकन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. तिथे मुलाला घेऊन आलेल्या आईला कुठल्या डांबरावर कोणाचा नियम हे कळायचे कसे? प्रत्येक संस्थेकडून हाच नियम, याच शब्दांत करून घ्या. ग्रंथालये शहराची आहेत, म्हणून माझ्या वर्गाची खोली तुमच्या हातात आहे. रस्त्यापलीकडच्या बागेतला बाक नाही.

आणि जागा देऊन बसल्यावर काय होते ते या कौन्सिलने आधी भोगले आहे. 2008 च्या डिसेंबरमध्ये शहरातली 36,000 पार्किंग मीटरे 75 वर्षांसाठी 1.15 अब्ज डॉलरला भाड्याने दिली गेली. प्रस्ताव आला आणि काही दिवसांतच मंजूर झाला. आज शहराला स्वतःच्या रस्त्याची कड बंद ठेवायची असेल तर त्याची भरपाई मोजावी लागते. तेव्हा मत दिलेल्यांपैकी काहींनी नंतर उघडपणे खेद व्यक्त केला. आपल्या पायाखालची जागा कोणाला, किती काळ, कोणत्या अटीवर, हे प्रश्न तेव्हा शांतपणे विचारले गेले नाहीत. ते आता विचारायला कायद्याची चर्चा हीच जागा आहे : समिती बसेल, विरोधक बोलतील, ज्यांना हे पटत नाही असे नगरसेवक आपली कारणे सांगतील. त्यांचेही बोलणे मला ऐकायचे आहे. कायद्याने चालणारी फेडरल कारवाई अवघड करू नका असे कोणी म्हणेल, तर त्याला उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर पाटीवर मावत नाही.

राष्ट्राध्यक्षांनी 8 ऑक्टोबरला लिहिले की तुम्हाला आणि राज्यपाल प्रिट्झकर यांना तुरुंगात टाकायला हवे. त्या दिवशी मला तुमच्याबद्दल काळजी वाटली. पण त्याहून जास्त वाटले ते हे, की या आदेशाचा सगळा भार एका माणसाच्या नावावर पडला आहे. पन्नास जणांची मते त्याच्यामागे नोंदली गेली की ते एका माणसाचे भांडण राहणार नाही.

आज पाडवा आहे. बळीराजाचा दिवस. माझी आई ओवाळताना बळीचे राज्य येवो म्हणायची. वामनाने त्याच्याकडे तीन पावले जमीन मागितली आणि पुढे काय झाले ते आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. लहानपणी मला त्या गोष्टीत बळीच्या डोक्यावरचे ते तिसरे पाऊल भयंकर वाटायचे. आता पहिले वाटते. पहिले पाऊल मागताना ते किती लहान दिसते! आणि निदान वामनाने मागितले तरी होते.

परवा संध्याकाळी डेव्हन ॲव्हेन्यूवर गेले होते, फराळाचे राहिलेले सामान घ्यायला. या रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग असे नाव आहे, आणि वर्ध्याहून आलेल्या मला त्या पाटीचे पहिल्या दिवसापासून अप्रूप. गुजराती, पाकिस्तानी, हैदराबादी, बांगलादेशी दुकाने, मधूनच ज्यू बेकरी. एका किराणा दुकानाच्या दारावर तुमच्या आदेशातल्या मजकुरासारखी पाटी चिकटवलेली होती. मालकांना विचारले, गिऱ्हाईक कमी होईल असे वाटले नाही का? ते म्हणाले, मागच्या खोलीत मसाले भरणारी पोरे तीन आठवडे दुपारी जेवायला बाहेर जात नव्हती, पाटी लावल्यापासून निदान मागच्या अंगणात जाऊन बसतात. पाटीचा कायद्याने काय उपयोग ते त्यांना नक्की माहीत नव्हते. मला माहीत आहे की खासगी जागेत मालकाची परवानगी आणि न्यायाधीशाचे वॉरंट यांना आधीच अर्थ आहे, पाटीने तो वाढत नाही. पण मी ते तिथे बोलले नाही. ती पोरे अंगणात बसलेली मला दिसत होती.

मंडळातल्या, ढोल पथकातल्या, मराठी शाळा चालवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही हे वाचत असाल. गणपतीच्या मिरवणुकीला बाग, नाटकाला शाळेचे सभागृह, दिवाळी पहाटेला कम्युनिटी सेंटर. आपण या देशात सार्वजनिक जागेवर जेवढे अवलंबून आहोत तेवढे क्वचितच कोणी असेल. त्या जागेचा अर्ज आपण दर वर्षी भरतो, शुल्क भरतो, विम्याचा कागद जोडतो, रात्री दहाला दिवे घालवून किल्ली परत देतो. जो नियम आपण पाळतो तोच सर्वांना असावा, एवढीच मागणी या पत्रात आहे. ज्या नगरसेवकाच्या वॉर्डात राहता त्याला एक फोन करा. उपनगरात असाल तर तुमच्या गावच्या बोर्डाला विचारा की आपल्या लॉटसाठी काय नियम आहे. उत्तर नाही असे आले, तर तेच लिहून घ्या.

सिटी कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत नागरिकांना बोलायची वेळ असते, तिच्यासाठी मी नाव देणार आहे. दोन-तीन मिनिटे मिळतात. सिटी हॉलचा दुसरा मजला. सोबत परीक्षेची पुस्तिका आणेन, आणि तो प्रश्न व त्याचे शेवटचे उत्तर वाचून दाखवीन. माझ्या वर्गातल्या पाचांपैकी दोघांनी बरोबर यायचे कबूल केले आहे. गाडीत बसून राहणाऱ्या त्या गृहस्थांनी विचारले आहे की तिथे पार्किंग कुठे मिळेल.

आपली,
डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहणारी, मूळची वर्ध्याची एक शिक्षिका